शेवटची गाडी सव्वासहाची

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय, हे मला अजूनही विचारू नका. सबंध सीझन मी त्यात बोलले, रस्त्यात अनोळखी पोरी अडवून ‘तुम्ही त्याच काकू ना?’ म्हणतात, तरी कुणी समजावून सांगा म्हटलं की माझी बोबडी वळते. रेडिओ म्हणावा तर त्याला ठरलेली वेळ नाही. कॅसेट म्हणावी तर हातात काही येत नाही. मी एका खोलीत बसून बोलते आणि ते बोलणं कुठेतरी जाऊन पडतं. कुठे, ते देव जाणे आणि ती पॉडकास्टवाली मुलगी जाणे.

बोलायची मला सवय नव्हती असं नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारणं, हेच काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा, तोंड कुणाच्याच नाही. मच्छीमार्केटात बांगड्याचा भाव विचारला की मासेवाली मान वर न करता म्हणायची, ‘पावसची गाडी लागली काय गो बाय?’ मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

त्या कामाची एक रीत असते. लांबलचक वाक्य नको, कौतुक नको. कुठली गाडी, कुठे जाणार, कुठल्या मार्गाने, कुठल्या फलाटावर. आणि मग पुन्हा तेच, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगायचं ते ऐकू न आलेल्यासाठी नसतं. ज्याने ऐकलं पण ज्याचा विश्वास बसला नाही, त्याच्यासाठी असतं. सांगून झालं की मी खिडकीतून बघायचे. माणसं पिशव्या उचलायची, पोरांचे दंड धरायची, उठायची. समोरचा बाक रिकामा झाला की आपलं काम झालं, असा माझा हिशेब. निवृत्त झाल्यावर मी घरात काही बोलले तर उठणारं कुणीच नव्हतं. मी लग्न केलेलं नाही. म्हणायला माझी एक धाकटी बहीण, ती पुलापलीकडे भाट्याला.

आता हिचं सांगायला हवं, कारण मी या भानगडीत पडले ती हिच्यासाठी. हिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, लग्नाआधीपासून मुंबईला कंपनीत. इकडच्या निम्म्या घरांत असतं तसंच. नवरा गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या काळात हिने सासू-सासऱ्यांचं केलं, मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, नारळी-पोफळीचं आगर बघितलं. परवाच्या गणपतीला भावोजी आले आणि परत गेलेच नाहीत. कंपनीने शटर ओढलं होतं. मग दोघांनी मिळून आगराच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. जांभ्या चिऱ्याच्या, कौलारू, छान. भावोजी मला म्हणाले, ‘ताई, मे महिन्यापर्यंत बघतो. खोल्या चालल्या तर इथेच राहीन. नाही चालल्या तर तिकडे एका सोसायटीत सुपरव्हायझरचं काम बघून ठेवलंय कुणीतरी.’

बहीण तिथेच तांदूळ निवडत होती. मान खाली घालून निवडतच राहिली. पण मी तिला ओळखते. त्या दिवशी निवडलेले तांदूळ तिने तीनदा निवडले.

खोल्यावाल्यांचा आमच्याकडे एक संघ आहे. त्याचे अध्यक्ष म्हणजे एकदम उत्साही गृहस्थ. ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, ‘मॅडम, रील्स जुन्या झाल्या. आता लोक कानाने फिरतात.’

मी म्हटलं, ‘कानाने फिरतात म्हणजे काय करतात?’

‘ऐकतात. आणि ऐकून येतात. आपल्या शहराचा पॉडकास्ट काढायचा. आणि आवाज तुमचा. रत्नागिरीचा आवाज म्हटलं की दुसरा कुठला डोळ्यासमोर येतो?’

आवाज डोळ्यासमोर कसा येतो ते मी विचारलं नाही. ‘लोक येऊन राहतील का?’ एवढंच विचारलं. ते म्हणाले, खोल्या कमी पडतील. मग मी हो म्हटलं.

पॉडकास्टवाली मुलगी मारुती मंदिराजवळ राहते. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आलेली, चुणचुणीत. तिच्या माडीवरच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या. मला वाटलं वाळत घातल्यात. ती म्हणाली, ‘नाही काकू, आवाज घुमू नये म्हणून.’ अहो, स्टँडवर माझा आवाज घुमायचा म्हणून तर ऐकू जायचा! इथे पंखा बंद, खिडकी बंद, समोर काळा स्पंज लावलेला माईक आणि मी घामाने निथळतेय.

मी विचारलं, ‘ऐकणारे आत्ता ऐकतायत का?’

‘नाही काकू, नंतर ऐकणार.’

‘नंतर कधी?’

‘कधीही. कुणी भांडी घासताना, कुणी चालताना. अमेरिकेतही ऐकतील.’

‘अमेरिकेच्या माणसाला मांडवीला रिक्षा कुठे उभ्या राहतात ते कशाला हवंय?’

ती हसली. मी विनोद केला नव्हता. मला खरंच कळत नव्हतं. समोर माणूस नाही, गाडी नाही, वेळ नाही, आणि बोलायचं. कुणाला उठवायचं तेच माहीत नसेल तर आवाज कुठल्या पट्टीत लावायचा?

मग मी मला येतं तेच केलं. पहिला भाग किल्ल्याचा. रत्नदुर्गाला जायला कुठे बसायचं, कुठे उतरायचं, कुठल्या पायरीवर शेवाळं असतं, सावली कुठे, पिण्याचं पाणी कुठे, दीपगृह कुठल्या बाजूला. प्रत्येक गोष्ट दोनदा. ती म्हणाली, ‘काकू, एकदाच सांगा. लोकांना मागे जाऊन परत ऐकता येतं.’ मी म्हटलं, ‘गाडी सुटल्यावर मागे जाऊन काय उपयोग?’ ती पुन्हा हसली आणि म्हणाली, राहू दे मग, हीच तुमची स्टाइल.

आणि शेवटी, का कोण जाणे, तोंडातून आपोआप निघून गेलं: ‘कोल्हापूरकडे परत जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी सव्वासहा वाजता सुटेल. प्रवाशांनी वेळेवर स्टँडवर यावे. शेवटची गाडी, संध्याकाळी सव्वासहा.’ हिवाळ्यात आमच्याकडे सहलीला येणारे बरेचसे घाटावरचे, म्हणून कोल्हापूर. नाहीतर बोलणं संपवायचं कसं? मी आयुष्यात जे जे बोलले ते गाडी सुटण्यापाशी येऊन संपलं.

मुलीने कानावरचं ते यंत्र काढलं आणि म्हणाली, ‘काकू, शेवट काय जबरदस्त केलात हो! प्रत्येक भागात असाच करायचा.’

मी केला. थिबा पॅलेस, मिऱ्याचा किनारा, आरे-वारे, कातळशिल्पं, सगळ्याच्या शेवटी सव्वासहा.

लोकांना ते का आवडलं हे मला कुणीतरी खरंच सांगा. मुलगी मोबाइलवर लोकांचे शेरे वाचून दाखवायची. ‘आई बोलतेय असं वाटतं.’ ‘काकू ओरडत नाहीत पण ऐकावंसं वाटतं.’ ‘शेवाळ्याच्या पायरीवर अगदी बरोबर पाय घसरला.’ अध्यक्ष तर हवेत. आणि दिवाळीनंतर खरोखरच माणसं यायला लागली. सकाळी स्टँडवरून उतरणारे घोळके, कानात त्या छोट्या गोळ्या खुपसलेल्या. एकदा मांडवीला दोन मुली माझ्या शेजारून गेल्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली, ‘पुढे उजवीकडे सावली आहे,’ आणि वळली. माझ्याच शब्दांवर वळली. मी तिथे उभी, आणि तिच्या कानातही मीच! मला गरगरल्यासारखं झालं. मी घरी येऊन लिंबू-पाणी प्याले.

पण बहिणीच्या खोल्या रिकाम्याच.

दुपारी जेवायला लोक यायचे. घावन खायचे, आगरात फोटो काढायचे, भावोजींना ‘काका, जरा बाजूला होता का’ म्हणायचे. खोल्या बघून ‘वॉव’ म्हणायचे. आणि मग निघून जायचे. भावोजी रोज सकाळी दोन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घालायचे, अशा ताणून की त्यावर नाणं उडावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न वापरलेल्याच काढून दुसऱ्या घालायचे. बहीण म्हणाली, ‘अहो, कुणी झोपलंच नाही तर बदलता कशाला?’ ते म्हणाले, ‘धूळ बसते.’ मला त्यांची ती चादर बदलण्याची घाई बघवायची नाही. काय तो माणूस! स्वतःच्या घरात नवीन नोकरीला लागल्यासारखा वागायचा.

आणि ही गोष्ट एकट्या भाट्याची नव्हती. संघाच्या बैठकीत सगळे तेच म्हणायला लागले. दिवसा गावात पाय ठेवायला जागा नाही आणि रात्री खोल्यांना कुलपं. कारण कुणालाच कळेना. एक म्हणाला, रस्त्याचं काम. दुसरा म्हणाला, डास. अध्यक्ष म्हणाले, घाटावरच्या लोकांना खारी हवा झोपायला सोसत नाही. तिसऱ्याने तर सांगितलं की भाट्याच्या वाळूत माणसं सूर्य बुडायच्या आधीच उठून चालायला लागतात, समोर एवढा लाल गोळा टांगलेला, आणि लोक पाठ फिरवून चपला शोधतायत. भेळवाला वैतागलाय. यात काहीतरी बाधा आहे, असं त्याचं म्हणणं. मी सगळ्यांचं ऐकत बसले. मलाही डासांचंच पटलं होतं.

एका दुपारी मी घरी वामकुक्षी घेत होते. दारावर थाड थाड! बघते तर बहीण. भाट्याहून रिक्षा करून आली होती, जी ती कधी करत नाही.

‘ताई, तू शेवटी काय बोलतेस गो त्या डबड्यात?’

‘कुठल्या शेवटी?’

‘तुझ्या त्या बोलण्याच्या शेवटी! आज कराडचं जोडपं आलेलं, स्वतःची गाडी घेऊन. स्वतःची! जेवले, खोली बघितली, तिला तर एवढी आवडली की पलंगावर बसून घेतलं. मी म्हटलं, राहा की आजच्या दिवस. तर तो घड्याळ बघून म्हणतो, नको, शेवटची गाडी सव्वासहाला आहे. मी म्हटलं, अहो, तुमची गाडी दारात उभी आहे! तर तो बायकोकडे बघतो, बायको त्याच्याकडे. म्हणाला, हो, पण त्या काकू इतकं निक्षून सांगतात ना, उगाच रिस्क नको.’

मग दोघींनी मिळून मोबाइलवर माझेच भाग लावले. सगळे नाही, शेवट तेवढे. सव्वासहा. सव्वासहा. सव्वासहा. दरवेळी दोनदा. माझाच आवाज, इतका ठाम, की ऐकता ऐकता माझी बहीणसुद्धा अर्धी उठली होती. ती परत बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, ‘कर्म माझं! तूच हाकलतेयस सगळ्यांना.’

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला अभिमान वाटला. म्हणजे लोक अजून उठतात! आणि मग लगेच तो उतरलाही, कारण मे महिना काही लांब नव्हता, आणि भावोजींनी माळ्यावरून बॅग खाली काढून उन्हात ठेवली होती. बहीणच म्हणाली ते, जाता जाता, दुसरंच काही सांगतेय अशा आवाजात.

मी तडक माडीवर गेले. पॉडकास्टवालीला सांगितलं, शेवट बदलायचा. ती म्हणाली, ‘मग लोकांना थांबायला सांगा ना काकू. संध्याकाळचं रत्नागिरी असा एक भाग करू.’ म्हणायला सोपं होतं. पण सव्वासहानंतर हे शहर करतं काय, तेच मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी खिडकीत असायचे, आणि निवृत्त झाल्यावर दिवा लावून मालिका बघत बसायचे. भावोजींना विचारलं, तर ते म्हणाले, ‘मी तर गणपतीचा पाऊस आणि शिमग्याचं ऊन एवढंच बघितलंय, ताई.’ बहिणीला विचारलं तर म्हणाली, ‘अंधार पडतो. अजून काय होणार?’

तेव्हा आम्ही तिघंही बघायला गेलो. भाट्याच्या सुरूबनापुढे वाळूत बसलो. भावोजींनी भाजक्या शेंगा घेतल्या. हे दोघं एकमेकांशेजारी बसेनात, तेव्हा मला मध्ये बसावं लागलं. डावीकडे नवरा, उजवीकडे बायको आणि मध्ये शेंगांच्या पुडीसकट मी. राजिवड्याच्या होड्या खाडीत शिरत होत्या. पलीकडे दीपगृहाचा दिवा फिरायला लागला. खारा वारा पडला, थोडा वेळ काहीच हलेना, आणि मग जमिनीकडून मतलईची पहिली झुळूक पाठीला लागली.

भावोजी म्हणाले, ‘हे रोज असं होतं? मध्येच वारा थांबतो?’

‘रोज,’ बहीण म्हणाली.

‘मग तू तेव्हा काय करतेस?’

‘भात लावते.’

भावोजी हसले. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना कधी बघितलं नव्हतं. बहीणही हसली, पण समुद्राकडे बघून. मला वाटलं आपण इथून उठावं आणि यांना बसू द्यावं. पण उठले असते तर दोघंही उठले असते, म्हणून मी गप्प शेंगा सोलत राहिले. ही दोन माणसं लग्न होऊन आजी-आजोबा झाली, आणि संध्याकाळी शेजारी कसं बसायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. आता कुठे शिकायला लागली तर बॅग उन्हात. मला भडभडून आलं. वाऱ्याने डोळ्यात वाळू गेली असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. वाऱ्याचं सांगितलं, होड्यांचं सांगितलं, दीपगृहाचं सांगितलं, दोन-दोनदा. शेवटाला आले आणि अडकले. मुलगी खुणा करतेय, म्हणा, राहा. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मग फुटला तो असा गोड की मलाच किळस आली. साडीच्या दुकानातल्या माणसासारखा. ‘मुक्काम करा’ म्हटलं तर सरकारी फलक वाचल्यासारखं वाटलं. ‘थांबा’ म्हटलं तर दरडावल्यासारखं. कितीदा केलं, मोजलं नाही. मुलगी बिचारी शेवटी म्हणाली, ‘काकू, तुम्ही माईकवर कधीच कुणाला थांबायला सांगितलं नाहीये का?’ मी म्हटलं, ‘स्टँडवर कशाला कुणाला थांबायला सांगेन? वेड लागलंय का तुला?’ आणि मग उगाच तिच्यावर ओरडले म्हणून वाईट वाटलं.

शेवट न करताच तो भाग गेला. दीपगृहाचा दिवा फिरतो, बस, संपलं. आता लोक राहतील, असं आम्हाला वाटलं. तर काय व्हावं! शेऱ्यांचा पाऊस. ‘काकू, शेवटची गाडी सांगायला विसरलात.’ ‘गाडीची वेळ बदलली का?’ ‘शेवटची गाडी रद्द झाल्याचं कळतंय, खरं आहे का?’ आणि त्या आठवड्यात लोक साडेचारपासूनच स्टँडवर रांगा लावून उभे. वेळ माहीत नाही, तर लवकर निघालेलं बरं! भेळवाल्याने म्हणे गाडाच हलवला, स्टँडपाशी नेला. अध्यक्ष माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. मी काय करू? सांगितलं तरी जातात, नाही सांगितलं तरी जातात. माणसांना राहावंसं कशाने वाटतं, हे मला आधीही माहीत नव्हतं आणि आता तर अजिबातच कळेना.

मधूनमधून एखादं कुटुंब राहायचं, नाही असं नाही. एकदा नागपूरचे लोक दोन रात्री राहिले तेव्हा भावोजींनी सकाळी त्यांच्या चादरी काढताना शीळ घातली, असं बहीण मला फोनवर कुजबुजत सांगत होती. पण तेवढ्यावर खोल्या चालल्या असं कुणी म्हटलं नसतं.

मग सुट्ट्या लागायच्या सुमारास एका दुपारी मी भाट्याला गेले. बहीण मागच्या पडवीत विळीवर कोवळा फणस चिरत बसली होती, हाताला तेल आणि चीक. भावोजी आतून आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. दाराशी बॅग, तिला नवीन कुलूप. मी काय ते समजले. बहीण विळीवरून मान वर करत नव्हती.

भावोजी म्हणाले, ‘ताई, बरं झालं आलात. तिकडून फोन आला. पहिल्या तारखेपासून बोलावतायत. उद्या मुंबईची सकाळची गाडी किती वाजता आहे?’

मला अख्खं गाव गाडीची वेळ विचारतं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘उद्या मुंबईला गाडी नाही.’

रत्नागिरीहून मुंबईला गाडी नाही! हे शेंबडं पोरही ऐकून हसेल. आणि एसटी नसली तरी रेल्वे आहे, खासगी बसेस आहेत. हातखंब्याच्या तिठ्यावर उभं राहून हात केला तरी कुणीतरी नेतं. आणि मी हे सांगत होते कुणाला? जन्मभर त्याच रस्त्याने गेलेल्या-आलेल्या माणसाला. मी असं का म्हटलं, शपथेवर सांगते, मला माहीत नाही. ठरवून आले नव्हते. पण निघालं ते माझ्या नेहमीच्या आवाजात निघालं. गोड नाही, दरडावणारं नाही. पुकारतात तसं.

भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘परवा?’

‘परवाही नाही. मुंबईकडे जाणारी गाडी उद्याही नाही आणि परवाही नाही.’

विळीचा आवाज थांबला होता. भावोजींनी एकदा बहिणीच्या पाठीकडे बघितलं. मग बूट काढले, दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवले आणि म्हणाले, ‘मग राहतो.’ बॅग उचलून आत गेले. थोड्या वेळाने जुना बनियन घालून बाहेर आले, हातात पक्कड. ‘पुढच्या खोलीतला नळ गळतोय,’ असं कुणालाच उद्देशून न म्हणता आगरात गेले.

मला वाटलं, आता बहीण माझ्या गळ्यात पडेल. निदान चहा तरी टाकेल. पण ती वळली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला राग आला होता. माझा की आणखी कुणाचा, मला काही समजेना.

‘एवढंच?’ ती म्हणाली. ‘एवढंच म्हणायचं होतं?’

‘अगो, मला तरी काय माहीत...’

‘दर गणपतीत, दर शिमग्यात मी यांना सोडायला स्टँडवर यायचे, ताई. आम्ही बाकावर बसलेलो असायचो. यांच्या मनात जायचं नसायचं, माझ्या मनात सोडायचं नसायचं. एवढ्यात वरून तुझा आवाज यायचा.’ हात चिकाने भरलेले, तिला डोळे पुसता येईनात. मी पदराने पुसायला गेले तर तिने मान झटकली. ‘तू दोनदा सांगायचीस. आणि हे उठायचे. मला वाटायचं, ताईने पुकारलं म्हणजे जायलाच हवं.’